खरी कशी ओळखायची?

तर झालं असं. दिवाळीत भाचा घरी आला होता. आल्या आल्या मनगट माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "मामा, घड्याळ बघ!" मी बघितलं. मोठं, चकचकीत, स्विस कंपनीचं नाव असलेलं. कुणा मित्राच्या मित्राकडून घेतलं होतं म्हणे, दुकानातल्या किमतीच्या एक पंचमांश दरात. घेऊन झाल्यावर आता पठ्ठ्याला शंका आली होती. मग त्याने मोबाईलवर वाचलेली सगळी परीक्षा माझ्यासमोर घेतली. सेकंदकाटा टिकटिक उड्या मारत जातो की सलग सरकतो? तबकडीवरची अक्षरं भिंगाखाली स्वच्छ दिसतात का? मागच्या झाकणावरचा नंबर कोरलेला आहे की नुसता छापलेला? वजन हाताला लागतं का?

सगळ्यात घड्याळ पास झालं. तरी त्याची शंका जाईना. कारण त्याच लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, की हल्ली नकली घड्याळं या सगळ्या परीक्षा पास होतात. जाणकार माणसाने झाकण उघडून आतलं यंत्र बघितल्याशिवाय खात्री नाही.

मला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही. तसं सांगितलं तर म्हणाला, "बरं राहू दे. तू कोल्हापूरचा ना? मग तुझ्या पायातली चप्पल तरी खरी आहे का सांग."

मी मोठ्या तोऱ्यात चप्पल काढून हातात घेतली. सहा महिन्यांपूर्वी गावाहून पुण्याला परतताना हायवेवरच्या एका दुकानातून घेतली होती. दुकानावर "अस्सल कोल्हापुरी" अशी हातभर पाटी. मी चप्पल उलटी केली, कड बघितली, आणि माझं तोंड बघण्यासारखं झालं. टाचेपाशी रंग उडाला होता आणि त्याखाली चामड्याच्या थरांच्या जागी दाबलेला पुठ्ठा दिसत होता. वर रेग्झिनचं पातळ पान. टाके मशीनचे. वेणी म्हणून जी होती ती वेणी नव्हतीच, साच्याने उठवलेली नक्षी होती.

मंगळवार पेठेत जन्म, अठरा वर्षं कोल्हापुरात, आणि सहा महिने पायात पुठ्ठा! भाचा हसून हसून आडवा झाला. बहिणीनेही फोनवरून यथेच्छ हसून घेतलं. असो.

हसणं झालं, भाचा गेला, पण विषय डोक्यातून जाईना. मग माझ्या सवयीप्रमाणे थोडं वाचलं, थोडं फिरलो, चार लोकांशी बोललो. त्यात जे सापडलं ते इथे लिहून ठेवतोय. आमच्या घरच्या मंडळींसाठी यात एक जुना हिशेबही आहे. तो शेवटी येईल.

आधी घड्याळाचंच एक सांगतो. नक्कल ही काही आजची गोष्ट नाही. अब्राहम-लुई ब्रेगे हा पॅरिसमधला अठराव्या शतकाच्या शेवटाचा नामांकित घड्याळजी. त्याच्या नावाची खोटी घड्याळं इतकी निघायला लागली, की १७९५ च्या सुमारास त्याने तबकडीवर एक गुप्त सही कोरायला सुरुवात केली. बाराच्या आकड्याजवळ, केसाएवढ्या बारीक अक्षरांत. समोरून बघितलं तर दिसत नाही. घड्याळ तिरकं करून उजेड बाजूने पडू दिला तरच दिसते. त्यानंतर शंभर वर्षांच्या आतबाहेर उलटी गंमत झाली. अमेरिकेत वॉल्थमची यंत्रावर बनलेली घड्याळं गाजायला लागली, तेव्हा अमेरिकन वाटतील अशी नावं घालून स्वस्त नकली घड्याळं कुणी काढावीत? स्वित्झर्लंडमधल्या काही कारखानदारांनी! आज ज्या देशाच्या नावाची जग नक्कल करतं त्यांनीही एकेकाळी दुसऱ्याचं नाव वापरलं होतं. आता तिथे कडक कायदा आहे. २०१७ पासून घड्याळावर "स्विस मेड" लिहायचं तर उत्पादन खर्चातला किमान ६० टक्के भाग त्या देशातला असावा लागतो.

म्हणजे खरंखोटं ठरवताना दोन प्रश्न येतात. वस्तू कशाची आणि कशी बनवली आहे, हा एक. आणि कुणी, कुठे बनवली आहे, हा दुसरा. चपलेच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला महिन्याभरात मिळालं. दुसऱ्यासाठी जरा जास्त चालावं लागलं.

कोल्हापुरात पापाची तिकटी ते महाद्वार रोड या भागात चप्पल लाईन आहे. बाहेरगावचे पाहुणे अंबाबाईचं दर्शन घेऊन थेट तिथे जातात. पण चप्पल बनते ती सुभाषनगरसारख्या वस्त्यांत, आणि आसपासच्या गावांत, घराघरांत. सुभाषनगरात एका म्हाताऱ्या कारागिरांच्या दारात मी दोन दुपारी बसलो. त्यांनी जे दाखवलं ते थोडक्यात सांगतो. तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वास. कमावलेल्या चामड्याला मातीसारखा, सालीसारखा एक वास असतो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं मुरवलेलं असतं त्याचा तो वास. रेग्झिनला रसायनाचा नाहीतर चिकटवायच्या सोल्युशनचा वास येतो.

दुसरी कड. तळ बाजूने बघायचा. चामड्यावर चामडं असे थर मोजता आले पाहिजेत. कडेला जाड रंग फासलेला असेल तर विचारायचं, बाबा, झाकलंयस काय? माझ्या चपलेत हेच झाकलं होतं.

तिसरी टाका. खऱ्या चपलेत खिळा नसतो. चामड्याचीच बारीक वादी काढून तिने तळ शिवलेला असतो. हातचे टाके साधारण सारखे असतात, अगदी सारखे कधीच नसतात. डावी आणि उजवी शेजारी ठेवली की जुळ्या भावांसारखी दिसतात, पण आईला फरक कळतोच.

चौथी वेणी. पट्ट्यावरची वेणी बकऱ्याच्या मऊ चामड्याच्या पट्ट्या कापून विणलेली असते. नखाने एक पेड किंचित उचलता येतो. साच्याची नक्षी असेल तर नख नुसतं घसरतं. ही वेणी बहुतेक करून घरातल्या बायका विणतात. चपलेचा सगळ्यात देखणा भाग त्यांच्या हातचा. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

पाचवी रंग. नैसर्गिक चामड्याचा रंग तेल पाजलं की गडद होत जातो, वापराने पिकत जातो. फासलेला रंग टवके काढून निघतो.

आणि सहावी, चावणं! नवी खरी कोल्हापुरी चावते. अंगठ्याला आणि पायाच्या वरच्या भागाला पहिले आठ-दहा दिवस सोसायला लागतं. मग तेल पाजून पाजून ती तुमच्या पायाची होते, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाच्या पायाला ती बरी वाटत नाही. पहिल्या दिवसापासून मऊ मऊ लागली तर थोडा संशय घ्यायला हरकत नाही.

"आणि आवाज?" मी विचारलं. करकर वाजणारी चप्पल ही आमच्या लहानपणची श्रीमंती.

म्हातारबा हसले. "आवाज काय, विंचू घातला की हुतोय. खोट्यात बी घालत्यात." तळाच्या थरांमध्ये मुद्दाम आवाजासाठी जी योजना करतात तिला विंचू म्हणतात. म्हणजे ज्याला मी खरेपणाची खूण समजत होतो ती सगळ्यात सोपी नक्कल! मशीनचे टाकेही आता हातचे वाटावेत असे वाकडेतिकडे घालतात म्हणे. भाच्याच्या घड्याळाचीच गत. खूण जगजाहीर झाली की नक्कल करणारा ती आधी शिकतो.

"मग तुम्ही कसं वळखता?"

"आमी हात वळखतो की," ते म्हणाले. मला तेव्हा ते नीट कळलं नाही.

आता दुसरा प्रश्न. कुठली आणि कुणाची?

मी आपला समजत होतो की कोल्हापुरी म्हणजे कोल्हापूरची. कायद्याने तसं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. अर्ज दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांचा होता. तेव्हा कोल्हापुरात थोडी कुरकूर झाली. आमची चप्पल, आणि मानांकनात कर्नाटक कशाला?

पण चप्पल लाईनीतल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा. कितीतरी माल पिढ्यान् पिढ्या अथणीहून, निपाणीकडून येतो. अथणीचे कारागीर कानडी बोलतात आणि कोल्हापुरी बनवतात. कोल्हापूर ही बाजारपेठ होती, संस्थानची राजधानी होती. माल जिथे विकला गेला त्या गावाचं नाव त्याला लागलं.

आणि मुळाशी गेलात तर या चपलेची सगळ्यात जुनी आठवण कर्नाटकातलीच आहे. बाराव्या शतकातलं कल्याण. राजा बिज्जळ, त्याचा मंत्री बसवेश्वर. बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांत हरळय्या नावाचे चर्मकार होते. कथा अशी सांगतात, की एकदा बसवेश्वरांनी त्यांच्या नमस्काराला उलट दोनदा नमस्कार केला. एवढा मान कसा फेडायचा म्हणून हरळय्या आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीचं कातडं काढून त्याचे जोडे केले. बसवेश्वर म्हणाले, हे पायात घालायची माझी योग्यता नाही. पुढे हरळय्यांच्या मुलाचं लग्न मधुवरस नावाच्या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी लागलं, आणि त्याची शिक्षा म्हणून हरळय्या आणि मधुवरस दोघांनाही हालहाल करून मारलं. जोड्यांची गोष्ट दंतकथा म्हणून सोडून द्या हवं तर. त्या लग्नाने कल्याण पेटलं हे मात्र त्या परंपरेत पक्कं सांगितलं जातं.

कातडी कमावणारे, तळ कापणारे, वेणी घालणारे हात सगळे समाजाने अंगणाबाहेर ठेवलेले. चप्पल मात्र थेट वाड्याच्या उंबऱ्यापर्यंत जायची.

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात, म्हणजे १८९४ ते १९२२ या वर्षांत, या धंद्याला राजाश्रय मिळाला. महाराज स्वतः या चपला घालत. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची दुसरी कामगिरी. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा. १९१९ मध्ये सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या इथे अस्पृश्यता पाळायची नाही असे हुकूम. आणि गंगाराम कांबळे यांची गोष्ट तर प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ असते. वाड्यातल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि येता-जाता गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा स्वतः प्यायला सुरुवात केली. बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला.

ही गोष्ट आम्ही शाळेत दरवर्षी २६ जूनला, महाराजांच्या जयंतीला ऐकायचो. पुढे येणाऱ्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.

चपलांच्या प्रकारांची नावं बघा. कापशी, ही कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीवरून. आणखी पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी. कुठे गावाचं नाव, कुठे घडणीचं. १९२० च्या सुमारास नाजूक, कानवाली चप्पल काढून मुंबईत पोचवल्याबद्दल कोल्हापुरातल्या सौदागर घराण्याचं नाव तेवढं सांगतात. बाकी शेकडो वर्षांत हजारो कारागीर होऊन गेले. ब्रेगेने आपली सही लपवून का होईना, पण कोरली होती. यांना ती सोयही नव्हती. चपलेवर कुणाचं नाव कोरणार? आणि कोरलं असतं तर घेणाऱ्याला ते चाललं असतं?

नकली मालाचा पूर पुढे आला. कोल्हापुरी देशभर आणि परदेशात फॅशन झाली, मागणी वाढली, आणि नाव विकतंय म्हटल्यावर रबराचे तळ, रेग्झिनचे पट्टे, मशीनची शिलाई असा माल जिकडेतिकडे "कोल्हापुरी" म्हणून निघाला. क्रोमच्या रसायनाने झटपट कमावलेलं चामडं आलं. साल-हिरड्यात कातडं मुरायला आठवडेच्या आठवडे जातात, त्याच्याशी ते भावाच्या स्पर्धेत कसं टिकणार? २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. बैलाचं कातडं मिळणं अवघड झालं, म्हशीच्या कातड्यावर भागवायला लागलं. "भारी जोड केला तर आठवडा जातोय," सुभाषनगरचे म्हातारबा म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणतंय, शेजारी चारशेला मिळतोय."

शेजारी चारशेला मिळणारा तो पुठ्ठा. मी त्याला सातशे दिले होते, ही गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.

मग २०२५ उजाडलं. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीच्या पोरांच्या पायांत आमची चप्पल! बघणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ओळखली. कंपनीने मात्र तिला नुसतं चामड्याची सँडल म्हटलं होतं. गदारोळ झाला. महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं. मग कंपनीने कबूल केलं की ही भारतीय कारागिरीवरून सुचलेली आहे. कुणीतरी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ती जुलैमध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः येऊ शकतात, तुम्ही कोण, असा साधारण मुद्दा. त्याच महिन्यात कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या महामंडळांबरोबर करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात २००० जोड बनवायचे, आणि एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, असं जाहीर झालं.

आपल्याला राग कशाचा आला होता? नाव न घेता वस्तू उचलली याचा. "कोल्हापुरी" म्हणा, आमचं नाव घ्या! मीही त्या रागात सामील होतो. चार ठिकाणी तावातावाने बोललोसुद्धा. आणि मग एका रात्री मला आमच्या घरातला जोड आठवला.

इथून पुढचं आमच्या नातेवाईक मंडळींसाठी. आत्याला कदाचित आवडणार नाही. पण तिच्याहून मोठं असं कुणी आता राहिलेलं नाही, म्हणून लिहितोय.

आप्पा दर दिवाळीच्या आधी चप्पल करून घ्यायचे. कारागीर घरी यायचे. अंगणात बसायचे. आप्पा कागदावर पाय ठेवायचे आणि ते पेन्सिलीने पायाची आकृती काढायचे. आम्ही पोरं भोवती. आप्पांपेक्षा ते वयाने चांगले दहा वर्षांनी मोठे असतील. पण आप्पा त्यांना "अरे" म्हणायचे आणि आम्ही शेंबडी पोरंसुद्धा नुसत्या नावाने हाक मारायचो. तेही पूर्ण नाव नव्हे, त्याचा अर्धा तुकडा. आडनाव कुणी कधी विचारलं नाही.

आई चहा द्यायची. परसात तुळशीमागच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा. त्यात ती वरून चहा ओतायची. चहा पिऊन झाला की ते तो कप नळावर स्वतः विसळायचे आणि कोनाड्यात पालथा घालून जायचे. त्या कपाला घरात दुसरं कुणी हात लावायचं नाही. मला कुणी "लावू नको" असं सांगितल्याचं आठवत नाही. तरी मीही लावला नाही.

ही गोष्ट १९७० च्या दशकातली. भाऊसिंगजी रोड आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. शाहू महाराजांचा चहा आम्हाला तोंडपाठ, आणि कोनाड्यातला कपही डोळ्यासमोर. दोन्ही एकाच डोक्यात आरामात राहत होते.

आप्पा गेले तेव्हा त्यांचा शेवटचा जोड मी माळ्यावर ठेवला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. तो काढला. चामडं वाळून कडक झालं होतं, पण एक टाका उसवलेला नव्हता. पिशवीत घातला आणि पुन्हा कोल्हापूरला गेलो. चप्पल लाईनीत विचारलं, पूर्वी मंगळवार पेठेत घरोघरी जाऊन मापं घेणारे एक होते, त्यांच्या घरचं कुणी आहे का? मला त्यांचं पूर्ण नाव सांगता येत नव्हतं. नावाचा तो अर्धा तुकडा सांगितला तेव्हा जीभ अडखळली. दुकानदाराने दोन फोन केले आणि सुभाषनगरातली एक गल्ली सांगितली.

त्यांचा मुलगा भेटला. वय साधारण माझ्याएवढंच. मी ओळख सांगितली आणि जोड काढून दिला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला, टाचेपाशी अंगठा फिरवला.

"वडलांचाच हात हाय ह्यो."

"कशावरनं?"

"टाका बघा. सगळ्यांचा टाका असा जातो," त्यांनी बाजूचा नवा जोड दाखवला, "आणि ह्यो उलटा. टाचंला वळताना तर दिसतोयच. डावखुरे हुते ते."

आणि मला एकदम दिसलं. अंगणात बसलेले ते, उजव्या हातात चामडं, डाव्या हातात रापी. मी शंभर वेळा बघितलं होतं. ब्रेगेच्या तबकडीवरची सही उजेड तिरका पडला की दिसते. आमच्या आप्पांच्या चपलेवरही सही होतीच. पन्नास वर्षं ती आमच्या दारात पडलेली होती आणि आम्हाला वाचता येत नव्हती. म्हातारबा "हात वळखतो" म्हणाले होते ते हे.

मी त्यांना वडिलांचं पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मूळ गाव. मी डायरीत लिहून घेतलं. इथे लिहू का, असंही विचारलं. ते जरा घुटमळले. "ऱ्हाऊ दे की. आता कशाला?" म्हणून लिहीत नाही. ते नाव त्या जोडाबरोबर एका कागदावर लिहून ठेवलं आहे, आणि भाच्याला सांगून ठेवलं आहे की हा जोड कधी कुणाला दिलास तर कागद बरोबर दे.

महामंडळाने आता चपलेला क्यूआर कोड लावायची योजना आणली आहे. मोबाईल धरला की कारागिराचं नाव-गाव दिसावं अशी. कागदावर मानांकन महामंडळांच्या नावे आहे आणि कारागिराला त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. त्यामुळे ते नाव प्रत्येक घरापर्यंत कधी पोचतं ते बघायचं. पण पोचावं. खोटं पकडायला ते उपयोगी पडेलच. मला मात्र ते वेगळ्याच कारणासाठी हवं आहे. चप्पल विकत घेणाऱ्या पोराला आडनावासकट नाव वाचता यावं, एवढंच.

मी त्यांच्याकडेच नवा जोड करायला टाकला. माप घ्यायला ते खाली बसायला लागले, तेव्हा मी म्हटलं, कागद द्या, मीच काढतो. फार काही सुबक जमली नाही आकृती. त्यांनी नीट करून घेतली.

तेवढ्यात आतून चहा आला. घरातल्या सगळ्यांचे असतात तसले साधे स्टीलचे पेले. सगळ्यांना सारखे. मी पेला हातात घेतला, पण घोट घशाखाली जाईना. त्या कपाबद्दल काहीतरी बोलावं असं वाटत होतं. कसं बोलायचं ते सुचत नव्हतं.

तेच म्हणाले, "वडील सांगायचे तुमच्या घरचं. मंगळवार पेठेत एक घर हाय म्हणायचे, तितला चहा लई गोड असतोय."

मी मान खाली घालून चहा प्यायलो. निघताना पेला विसळायला उठलो, तर त्यांनी हातातून काढून घेतला.